कर्ण्यातली कुस्ती

हल्ली लोक म्हणतात, गिरधरनाना पूर्वीसारखं रंगवून सांगत नाहीत. जामनेरच्या पंचांनी यंदा एका तरण्या पोराला बोलावलं, तो म्हणे कुस्ती सांगता सांगता मधे शेर म्हणतो. नाना अजून सांगतात, पण साधं सांगतात. कोण वर, कोण खाली, कुणाचा हात कुठे. कुणी तक्रार केली तर म्हणतात, "जे दिसस ते सांगस भो." आणि विडीचं थोटूक विझवायच्या निमित्ताने खाली बघतात. हे खाली बघणं सत्तावन्न सालच्या आखाजीपासूनचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासूनचं आहे. पण तिथवर यायचं तर नानांच्या घशाची हकीकत आधी सांगायला हवी.

पारोळ्याजवळच्या आमच्या करंजखेडे गावात सार्वजनिक मालमत्ता म्हणावी अशी तीन ठिकाणं होती : मारुतीचं देऊळ, पाटलांची विहीर आणि गिरधर झुलाल पाटलांचा घसा. तरुणपणी हा घसा धुळ्याच्या मोटार स्टँडवर नोकरीला होता. खाजगी सर्व्हिस गाड्यांचा तो काळ. गाडी भरल्याशिवाय सुटायची नाही आणि हाका मारल्याशिवाय भरायची नाही. "पारोळा, एरंडोल, जळगाऽऽव" अशी नानांची हाक सुटली की ज्यांना जळगावात काडीचं काम नाही अशी माणसंही पिशवी घेऊन आत चढून बसत, असं लोक सांगतात. एक म्हातारा साक्रीला निघाला होता तो नानांच्या हाकेने जळगावला पोचला आणि तिथे पोचल्यावर नानांच्या आवाजाची तारीफ करून परत आला.

मग स्वराज्य आलं, आणि त्याच्या मागोमाग थोड्याच वर्षांत एस.टी. आली. स्वराज्याबद्दल नानांची तक्रार नव्हती. एस.टी.बद्दल होती. ती ओरडलं तरी वेळेवर सुटायची आणि नाही ओरडलं तरी वेळेवर सुटायची. घसा बेकार झाला. नाना गावी आले आणि वडिलांच्या कोरडवाहूत औत धरलं. पण बैलांनी त्या आवाजाचा असा धसका घेतला, की औताचा तास कधी सरळ गेला नाही. त्या वर्षी शेतातली ज्वारी वळणावळणाने उगवली होती.

घशाला काम मिळालं ते गावच्या दंगलीत. दंगल म्हणजे कुस्त्यांची, गैरसमज नको. आमच्याकडे आखाजीनंतर गावोगाव कुस्त्या लागतात. त्या वर्षी गर्दी इतकी झाली, की मागच्यांना पुढच्यांच्या टोप्यांपलीकडे काही दिसेना. मागचे विचारत, "काय झायं? काय झायं?" आणि पुढचे मान न वळवता म्हणत, "थांब ना भो." कुस्ती संपून दुसरी लागली तरी मागच्यांना पहिलीचा निकाल कळलेला नसायचा. तेव्हा नाना सुटलेल्या एका बैलगाडीवर चढले, घासलेटच्या डब्याच्या पत्र्याचा भोंगा तोंडाला लावला आणि जे दिसत होतं ते सांगायला लागले. मागचा कालवा हळूहळू थांबला. मागच्या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा कुस्ती दिसली, ती कानांनी.

पुढे भोंगा गेला, जळगावहून बॅटरीवरचा माईक यायला लागला. बांबूच्या टोकाला मोठा कर्णा बांधायचे. नाना बोदवडपासून पिंपळनेरपर्यंत जाऊ लागले. जत्रेच्या हँडबिलावर मल्लांच्या खाली त्यांचं नाव छापून यायचं. एका छापखान्याने चुकून ते मल्लांच्यात छापलं. नानांनी ते हँडबिल घरात देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं होतं.

नाना सांगायचे मात्र असे, की जिंकणारा एकदा जिंकायचा आणि हरणारा दोनदा पडायचा. एकदा मातीत आणि एकदा कर्ण्यात. "गाडीतून बाजरीचं पोतं उतरवावं तसा पैलवान उतरवलेला आहे, मंडळी." "पैलवानाच्या आईनं घातलेलं तूप आज मातीच्या अंगी लागलेलं आहे." मैदान हसून हसून लोळायचं. जामनेरला असाच एक पडलेला गडी, अंगावरची माती न धुता, आखाड्याच्या मागच्या ओढ्यात दिवस मावळेपर्यंत बसून राहिला, कारण वर यायचं तर लोकांतून यायला लागलं असतं. नानांना हे कुणी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "खेय शे भो. मनवर लेवानं नही." दुसऱ्याने मनावर काय घ्यावं आणि काय घेऊ नये हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हातात माईक असतो त्याच्याकडे आपोआप येतो.

गावच्या दंगलीत कर्ण्याच्या बांबूखालची जागा चुडामणआबांची. आबांचे दोन्ही डोळे गेलेले. तरुणपणी स्वतः लढलेला माणूस. नाना सांगत आणि आबांचे दंड आपोआप आवळत, खांदे वळत. नानांनी "पट काढला" म्हटलं की आबांचा पाय मागे सरायचा. पोरं कुस्तीपेक्षा आबांकडे बघत.

तर सत्तावन्न साल. आदल्या वर्षी नानांच्या कुंदाचं लग्न झालं होतं. जावई अभिमन, पिंपळनेरच्या अलीकडच्या एका खेड्यातला, धनसिंग पाटलांचा मुलगा. अंगाने बरा, कुस्ती खेळणारा, बोलायला कमी. कुंदा पहिल्या आखाजीला माहेरी आली, झोक्यावर बसली, गाणी म्हणून घसा बसवून घेतला, आणि सण झाल्यावर अभिमन तिला न्यायला आला. मंजुळाबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, खापरावरच्या पोळ्या आणि आमरस केला. नाना पंक्तीत जावयापाशी उभे राहून "आनखी येक, मना आग्रह म्हनीसन" असं म्हणत होते. ते ऐकू यायला शेजारच्या आळीला कान टवकारावे लागले नाहीत.

आमच्या गावात एक रीत आहे. पहिल्या आखाजीला आलेला नवा जावई पैलवान असला तर त्याची एक कुस्ती गावच्या गड्याशी लावायची. ही कुस्ती म्हणजे मान. थोडी झटापट होते, मग पंच दोघांना बरोबरीत सोडवतात आणि दोघांनाही फेटा बांधतात. जावई पाडायचा नसतो, हे गावच्या गड्याला कळतं. जावयालाही कळतं, पण त्याने कळलं असं दाखवायचं नसतं.

अभिमनने दाखवलं. आखाड्यात उतरल्यावर पितांबरला, म्हणजे आमच्या गावच्या गड्याला, तो सगळ्यांदेखत म्हणाला, "पितांबरभाऊ, माले जवाई म्हनीसन सोडानं नही. खेयानं ते खरं खेयानं."

पितांबर सरळ माणूस. म्हणाला, "बरं."

नाना गाडीवर उभे होते. त्यांनी सुरुवात झकास केली. "आमच्या गावचे जावई, पिंपळनेरकडचे वाघ, अभिमनराव आखाड्यात उतरलेले आहेत." ढोल वाजला, सलामी झडली, हातात हात गुंतले. आणि थोड्या वेळाने पितांबर विजेसारखा खाली वाकला, पायांना धरून पट काढला आणि अभिमन खाली आला.

नानांनी तोंड उघडलं. "अभिमनराव" इथपर्यंत शब्द आला, आणि पुढचा "खाली" घशातच बसला. ज्या तोंडाने सकाळी पोळीचा आग्रह केला, त्या तोंडाने जावई खाली आला म्हणून चार गावांना कसं सांगायचं? आजवर दुसऱ्यांचे जावई, दुसऱ्यांचे लेक शेकड्याने खाली आले होते आणि शब्द आपणहून धावत आले होते. आज कर्णा नुसता खरखरत राहिला. मागून कुणी ओरडलं, "काय झायं नाना?"

"अभिमनरावांनी," नाना म्हणाले, "पितांबरला जवळ ओढलेलं आहे."

पुढचे हसले. ते बघत होते ना. पितांबर अभिमनच्या पाठीवर बसून मानेवर हात चालवत होता.

"अभिमनरावांनी जमीन भक्कम धरलेली आहे."

ते खरंच होतं. अभिमन पोटावर पडून दोन्ही हातांनी माती धरून होता.

"पितांबर वर अडकलेला आहे, मंडळी. त्याला खाली उतरता येत नाही."

आता पुढचे लोक पोट धरून हसायला लागले, आणि मागच्यांना वाटलं, पुढे पितांबरची फजिती चालली आहे. त्यांनी जावयाच्या नावाने आरोळी दिली. ती आरोळी नानांच्या कानात गेली आणि खोटं बोलणाऱ्याला टाळ्या मिळाल्यावर जे होतं ते झालं. पाय घसरला तो घसरतच गेला. अभिमनराव वर आले, अभिमनरावांनी पकड आवळली, पितांबर घामाघूम झाला, पितांबरचा दम तुटला. एका मैदानात दोन कुस्त्या लागल्या. पुढे बसलेले एक बघत होते, मागे उभे असलेले दुसरीच ऐकत होते. पुढून एकाने विचारलं, "नाना, आज बाजरीनं पोतं कोठे शे?" नानांनी ऐकलं नाही असं केलं.

शेवटी पितांबरने पाय अडकवून अभिमनला उलटा केला आणि त्याची पाठ मातीला लागली. पंचांचा हात वर झाला. नाना म्हणाले, "आणि कुस्ती... कुस्ती झालेली आहे."

कुणाची ते म्हणाले नाहीत. मागच्यांना विचारायची गरजच नव्हती. गुलाल उधळत ते लोंढ्याने आत आले, पाठीवर पडलेल्या अभिमनला उचललं आणि खांद्यावर घेऊन नाचायला लागले. पुढचे ओरडत होते, "आरे ठेवा त्याले खाले, तो पडेल शे." नाचणाऱ्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग एकेक जण थांबला. खांद्यावर घेतलेल्या माणसाला, तो हरलेला निघाला म्हणून, त्यांनी हळूच परत जमिनीवर ठेवलं. मेलेल्या माणसाला ठेवतात तितकं हळू.

अभिमन कर्ण्याकडे बघत नव्हता. सरळ गाडीपाशी आला आणि सासऱ्यांना म्हणाला, "मामा, पडनू ते मी पडनू. तुम्हीन कसाले लपाडं?" एवढं बोलून विहिरीवर गेला. माती धुतली गेली, गुलाल गेला नाही. फेटा न घेता, घरात पाय न ठेवता तो तसाच एस.टी.ला गेला. कानामागे गुलाल राहिलेला, आणि गाडीतले लोक त्याला म्हणे धुळ्यापर्यंत विचारत होते, "काय पहेलवान, मारी का कुस्ती?"

नाना गाडीवरून उतरले तेव्हा बांबूखाली चुडामणआबा बसलेले होते. त्यांच्या दंडाच्या शिरा अजून फुगलेल्या होत्या. कुणीतरी खरं काय ते त्यांच्या कानात सांगितलं होतं.

"गिरधर," आबा म्हणाले, "डोया गयात तवयपाईन मी तुना डोयावर बठेल शे. आज तू माले दुसरांदाव आंधया करं."

नाना खाली बघत घरी गेले.

त्यानंतरचे दिवस घरात कठीण गेले. झोके उतरले, बाकीच्या पोरी सासरी गेल्या, कुंदा राहिली. पाण्याला गेली की बायका गोड आवाजात विचारत, "आजून आठेच शे का माय?" वैशाख सरत आला, पेरणीचे दिवस जवळ आले. पेरणीला सून घरी नसेल तर पुढे कधी नेतील याचा भरवसा नाही, हे विहिरीवर सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्या ते कुंदाच्या घागरीला सांगत. नाना दारात बसायचे बंद झाले. रस्त्याने कुणी हसत गेलं तर आपल्यालाच हसतोय असं त्यांना वाटे, आणि बऱ्याचदा ते खरं असे.

मंजुळाबाईंनी एके दिवशी भाकरी वाढता वाढता ऐकवलं, "गावभरना पोऱ्या पाडात तवय तोंड घोडासारखं पये. घरना पडना ते तोंडमा गुयना खडा व्हता का?"

नाना म्हणाले, "जवाई शे. मी कसं सांगू, पडना म्हनीसन?"

"त्या बठ्ठा पोऱ्या कोनाना तरी जवाईच व्हतात," मंजुळाबाई म्हणाल्या आणि ताटात आमटी घातली. नानांना तो ओढ्यात बसलेला गडी आठवला. आमटी निवली.

कुंदा इतके दिवस बापाला काही बोलली नव्हती. त्या दिवशी ती चुलीपाशी बसूनच म्हणाली, "नाना, तुमना जवाई पडनात त्यानी माले लाज नही वाटनी. तुम्ही झाकं, तवय वाटनी. पडनं इतलं वंगाय शे, का बापले झाकनं पडस? आशे त्यास्ना मनमा उनं व्हई." मग जरा थांबून म्हणाली, "मी जाई राहिनू. कोनी लेवाले उना नही तरी. तुम्ही चला मनासंगे."

पोरीने सासरी स्वतःहून जायचं आणि बापाने सोडायला जायचं, याचा अर्थ लोक काय घेणार हे नानांना दिसत होतं. पण ज्याने एवढं केलं त्याने तेवढं करावं हेही दिसत होतं. कुंदाची पेटी घेऊन दोघं निघाले. एस.टी.त नाना व्याह्यांना काय म्हणायचं ते मनात जुळवत होते. मनात म्हणजे, नानांच्या हिशेबाने मनात. धुळ्याच्या पुढे शेजारचा माणूस उठून मागच्या बाकावर जाऊन बसला. कुंदा खिडकीतून बाहेर बघत राहिली.

धनसिंग पाटलांच्या अंगणात बाजेवर बसल्यावर जुळवलेलं सगळं गेलं. दहा हजारांच्या मैदानात न अडलेला माणूस एका अंगणात मुका झाला. पाणी आलं, ते प्यायले. कुंदा पेटीपाशी उभी होती. तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं आणि जा म्हटलं नव्हतं. गल्लीतली चार माणसं आली, मग आणखी आली. अभिमन दिसत नव्हता, पण गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घुंगरं मधूनमधून वाजत होती, आणि बैल काही इतका हलत नव्हता.

"याहीबुवा," धनसिंग म्हणाले, "तुमनाकडथीन दोन मानसं उनात. येक सांगस, आभिमन जिंकना. दुसरा सांगस, पडना. दोन्ही देवनी आन घेतस. पोऱ्याले इचारं ते तो बैलंसले पानी पाजाले निंघी जास. तुम्ही ते तठेच व्हतात. तुम्ही सांगा, कुस्ती कशी झायी."

ते टोचून बोलत होते की खरंच विचारत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. नानांनी खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाने तोंड पुसलं.

"पडनात," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की शेजारी बसलेल्यालाही कळला नाही.

अंगणाच्या कडेचा एक जण म्हणाला, "जोरथीन सांगा पाटील. मांगे आयकू येत नही."

तो काही मुद्दाम बोलला नव्हता. पण नाना उभे राहिले. हात दोन्ही रिकामे होते, त्यांचं काय करावं हे त्यांना कळेना. मग त्यांनी ते मागे बांधले आणि सांगायला लागले. सलामी. हात गुंतले. पितांबरने पट काढला. जावई खाली आले. हे वाक्य सांगताना त्यांची मान खाली गेली, पण आवाज नाही गेला. पितांबरने पाठीवर सवारी भरली, मान दाबली, अभिमनने माती धरली. मी म्हटलं, पितांबर अडकला. पितांबर अडकलेला नव्हता. मी म्हटलं, पितांबरचा दम तुटला. तुटलेला नव्हता. अंगणात कुणी हसलं नाही. नानांना वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

"आनी मंग," ते म्हणाले, "येक गोट झायी. ती मी देखी, आनी सांगी नही. मी जवय म्हनं, आभिमनराव वर शेत, तवय पितांबरले काय कये ना. त्यानी हात ढिला कया आनी मान वर करीसन कर्ण्याकडे देखाले लागना. पुरा ढिला. आभिमनराव तवयच उलटतात ते पितांबर खाले राहता. कुस्ती त्यास्नी राहती. पन आभिमनराव थांबनात. पितांबरनी परथून पकड घेवापावत थांबनात. मंग लढनात. मंग पडनात."

कुणीतरी जीभ टाळूला लावून "च" केलं. धनसिंग पाटलांनी बाजेच्या दोरीवरची बोटं हलवायची थांबवली.

"आसं कोनी करत नही," नाना म्हणाले. "बोदवडपाईन आठेपावत मी इतल्या कुस्त्या सांग्यात, आसं देखं नही. मी ते सांगतू ते बठ्ठा मैदान उभा राहता. मी खोटं सांगामा गुतेल व्हतू." मग खाली बघत म्हणाले, "खरी कुस्ती चांगली व्हती, याहीबुवा. ती कोनी आयकीच नही."

गोठ्यातली घुंगरं थांबली. अभिमन दारात आला. हातात पाण्याची बादली तशीच भरलेली. तो नानांकडे न बघता म्हणाला, "आनी शेवटले त्यानी कोनता पाय आडकाया?"

"डावा," नाना म्हणाले.

"उजवा."

नानांनी आठवून बघितलं. आठवेना. "उजवा राही," ते म्हणाले. "मी तवय तथा देखतच नव्हतू. देखानी हिंमत नव्हती."

अभिमनने बादली खाली ठेवली. मग अंगण ओलांडून गेला, कुंदापाशी ठेवलेली पेटी उचलली आणि आत नेऊन ठेवली. कुंदा त्याच्या मागोमाग आत गेली. बाहेर येऊन तो बाजेवर बसला नाही. गल्लीतल्या माणसांत, जमिनीवर बसला.

"परथून सांगा मामा," तो म्हणाला. "सलामीपाईन. नीट."

नानांनी परत सांगितली. या वेळी पोतं नव्हतं, तूप नव्हतं, वाघही नव्हता. डावा हात कुठे, उजवा कुठे, कोण वर, कोण खाली. एके ठिकाणी चुकले, तिथे अभिमनने नुसतं बोट हलवलं आणि नानांनी वाक्य मागे घेऊन पुन्हा म्हटलं. पितांबरने मान वर केली तिथे ते सावकाश सांगत गेले, आणि मागचा माणूस पुढे सरकून बसला. शेवट आला तेव्हा नानांचा चेहरा गुलाल लावल्यासारखा लाल झालेला होता. त्यांनी खाली बघूनच म्हटलं, "उजवा पाय आडकाया. पाठ लागनी. आभिमन पडना."

अभिमन त्यांच्याकडेच बघत होता. बरोबर आहे, अशी मान हलवत होता.